पुढे चाल

शर्यतीतला आमचा वर्ग का संपला, हे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाड्या लावायच्या आवारात, कुणालाही विचारा. टर्बो आले, विजेच्या गाड्या आल्या, तरुणांना हातानं गिअर टाकायचा कंटाळा येतो, आजूबाजूच्या वस्तीला आवाज सहन होत नाही. सगळी कारणं खरी आहेत. माझं कारण वेगळं आहे. आजवर ज्याला ज्याला ते सांगितलं, त्यानं मान डोलावून विषय बदलला. म्हणून आता लिहायला बसलोय. कागदावर समोरच्याला विषय बदलता येत नाही.

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे जपानात त्सुकुबाला राहणाऱ्या मराठी मंडळींना समजावण्याची पाळी माझ्यावर दर वर्षी गणपतीच्या जेवणात येते. माणसं सगळी शिकलेली, कुणी प्रथिनांवर संशोधन करतं, कुणी भूकंपांवर. मी तिथून पुढे अर्ध्या तासावर, भाताच्या खाचरांमध्ये पत्र्याचं कुंपण घातलेल्या यार्डात जुन्या गाड्या खोलतो आणि त्यांचे भाग परदेशी पाठवतो. "आपलं क्षेत्र कोणतं?" असं कुणी विचारलं की मी "भंगार" म्हणतो आणि पुढच्या माणसाचा चेहरा बघतो. त्यात मला मजा येते, खोटं कशाला बोलू.

तर त्यांना मी सांगतो, चारशे मीटरचा सरळ रस्ता. दोन लेन, दोन गाड्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला.

"म्हणजे वळण नाहीच?" एका पोस्टडॉकनं विचारलं होतं. "मग स्टिअरिंग कशाला?"

"सरळ ठेवायला," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. तितक्या ताकदीची गाडी सरळ ठेवायला काय लागतं, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही.

आमचा वर्ग या खेळातला साधा, पण व्यावसायिकांचा. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो नाही, ताकद वाढवणाऱ्या गॅसची बाटली नाही. इंजिन स्वतः जेवढा श्वास घेईल तेवढ्यावर पळायचं. क्लच पायानं, गिअर हातानं. जपानातही ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे सगळी कमाई डाव्या पायाची आणि डाव्या हाताची. बाहेरून गाडी शोरूममधल्या गाडीसारखीच दिसली पाहिजे, असाही नियम होता. आणि त्यानंच आमचा घात केला असं लोक म्हणतात. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्या, दोघींचा वेग सारखा, निकाल डोळ्याला न दिसणाऱ्या फरकानं. बघणाऱ्याला बघायला काय उरलं?

मी जपानात आलो तो सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर, कावासाकी शहरात. कंत्राट संपलं तेव्हा कंपनीनं मला इतक्या गोड शब्दांत काढलं की मी बाहेर येऊन दोन स्टेशनं गेल्यावर मला कळलं, आपल्याला काढलंय. भारतात परत जाऊन भावांपुढे उभं राहण्यापेक्षा मी लिलावातून ठोकलेल्या गाड्या घ्यायला लागलो. शिकवायला कुणी नव्हतं. जपानमध्ये घासाघीस चालत नाही असं जे सांगतात, ते दुकानात छापील किंमत देऊन आलेले असतात. त्यांनी यार्डात यावं. घासाघीस इथेही होते, फक्त ती गप्प राहून होते. तिचा नियम मी पहिल्याच वर्षी शिकलो. आधी बोलला तो गेला. कितीही वेळ लागो, समोरच्याला आधी बोलू द्यायचं. या एका नियमावर मी यार्ड उभं केलं.

शर्यत पहिल्यांदा बघितली ती डोंगरातल्या एका ट्रॅकवर एक इंजिन पोचवायला गेलो तेव्हा. त्या काळी आमच्या वर्गाच्या ट्रेलरची रांग गेटपर्यंत यायची. उतारावरच्या गवतावर ताडपत्र्या टाकून लोक बसलेले, तव्यावर नूडल्स परतल्याचा वास, आणि दोन इंजिनं एकदम सुटली की छातीच्या आत काहीतरी हलायचं. मी पावती घ्यायला थांबलो होतो, तो संध्याकाळपर्यंत थांबलो. पुढल्या हंगामात माझ्याकडे गाडी होती. ठोकलेलीच होती, पण माझी होती.

पॅडॉकमध्ये मला सगळे 'इन्दो-सान' म्हणायचे. भारत-साहेब म्हणा हवं तर. नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी एका माणसाला 'तोनारी-सान' म्हणायचो. तोनारी म्हणजे शेजार. शेजारच्या लेनमधला, म्हणून शेजारीबुवा. कावासाकीच्या मागच्या बाजूला, लहान लहान कारखान्यांच्या गल्लीत त्याचं इंजिन बांधायचं वर्कशॉप होतं. माझ्याहून वयानं बराच मोठा, बोलणं कमी, गाडी स्वच्छ.

आमची ओळख झाली ती भांडणानं. माझ्या बऱ्याच ओळखी तशाच झाल्यात.

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा एक खांब असतो. गाडी रेषेच्या जवळ आली की तुमच्या बाजूचा पहिला छोटा दिवा लागतो. आणखी वीतभर पुढे, नेमकी रेषेवर आली की दुसरा. दोन्ही गाड्यांचे दुसरे दिवे लागले की सुटायचे दिवे सुरू. जो आधी दुसरा दिवा लावतो त्याचा पाय क्लचवर थरथरत राहतो, समोरचा मात्र निवांत येतो. माझ्या दृष्टीनं हा सरळ सौदा होता. मी पहिला दिवा लावला आणि थांबलो. तोनारी-साननंही पहिला लावला आणि तोही थांबला. मी म्हटलं, वा, जुना खेळाडू दिसतोय. बघू कोण आधी बोलतो.

तेवढ्यात त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून. ओसाकी नि दोझो. आपण आधी व्हा.

मला वाटलं, चिडवतोय. मी हललो नाही. त्यानं पुन्हा हात केला. इंजिनं तापत गेली, माझ्या बॉनेटखालून वाफ यायला लागली, तरी मी हललो नाही. शेवटी सुरुवात देणाऱ्या माणसानं डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. दोघेही बाद.

मी हेल्मेट काढत त्याच्या अंगावर गेलो. "मुद्दाम केलंत!"

त्यानं कमरेत वाकून सांगितलं, "तुम्ही पाहुणे. पाहुण्यांनी आधी जायचं."

"मी पाहुणा नाही! मी इथे टॅक्स भरतो!"

अख्खा पॅडॉक तोंडावर हात ठेवून हसला. तेव्हापासून आमच्या जोडीला तिथे 'दोझो-दोझो' हे नाव पडलं. आमची गाठ पडली की निवेदक माइकवर म्हणायचा, "आज कोण आधी जाणार?" आणि गवतावरचे लोक ओरडायचे, "दोझो!" लोक होते तेव्हाची गोष्ट.

पण मला ज्या गोष्टीचं दुःख आहे ती रेषेवरची नाही, ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाची आहे.

चारशे मीटर संपले की मागे पॅराशूट उघडायचं आणि गाडी पुढे बरंच अंतर जाऊन थांबायची. तिथे प्रेक्षक नाहीत, निवेदकाचा आवाजही पोचत नाही. एका बाजूला लोखंडी कठडा, पलीकडे देवदाराची झाडं. ओढून न्यायला ट्रक येईपर्यंत आम्ही दोघंच. तोनारी-सान सकाळी ट्रॅक बघायला पायी जायचा तेव्हाच कठड्याच्या शेवटच्या खांबामागे सावलीत एक पिशवी ठेवून यायचा. त्यात कॉफीचे दोन डबे. पहिल्यांदा त्यानं मला गोड दुधाची दिली. मी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. पुढच्या वेळी पिशवीत त्याची एक गोड आणि एक काळी, बिनसाखरेची होती. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिथे आम्ही काय बोलायचो? क्लच. वारा. वर फिरणारी घार. कधी काहीच नाही. कठड्याला टेकून, सूट अर्धा उघडून, घाम वाळवत बसायचो. त्या जागेवर माझ्याकडून कुणाला किमतीत काही कमी करून नको होतं, मला कुणाकडून काही काढून घ्यायचं नव्हतं. माझ्या आयुष्यात अशी दुसरी जागा नाही. बायको आणि मुलगी तिकडे शहरात, निशी-कसाईला राहतात, मुलीच्या शाळेसाठी ते ठरलं, नंतर बायकोची नोकरी आली आणि तसंच राहिलं. मी यार्डात. संध्याकाळी कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेला भात तिथला पोरगा "गरम करू का?" विचारून गरम करून देतो, दिवसभरात व्यवहाराशिवायचं तेवढंच एक वाक्य कानावर पडतं.

वर्ग घसरला तो एका दिवसात नाही. आधी ट्रेलरची रांग गेटपासून आत आली. मग आतल्या मोठ्या झाडापर्यंत. मग दोन ट्रेलरच्या मधे एवढी जागा राहू लागली की माणसं तिथे तंबू ठोकून निवांत जेवायची. गवतावरच्या ताडपत्र्या कमी झाल्या. निवेदक आमच्या वर्गाचं नाव भरभर घ्यायला लागला, जसं लग्नात नको त्या पाहुण्याचं नाव घेतात. मग एका हंगामात वेळापत्रक बघतो तर आमची शर्यत जेवणाच्या सुट्टीत. आम्ही रेषेवर आलो की लोक उठून नूडल्सच्या रांगेत जायचे. एकदा आमच्यानंतर एक विजेची गाडी पळाली. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. आमच्यापेक्षा वेगात गेली. लोकांनी नूडल्स खात टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्याही मी गिळल्या. जे गिळलं नाही ते सांगतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रॅकच्या कॅन्टीनमध्ये सभा होती. आमचा वर्ग बंद करून खुल्या वर्गात घालायचा, असा प्रस्ताव. खुल्या वर्गात टर्बोवाले, त्यांच्यापुढे आम्ही म्हणजे जत्रेतल्या पाळण्याच्या रांगेत उभे राहिलेले आजोबा. सभेआधी सिगारेटच्या कोपऱ्यात तोनारी-सान मला स्वतःहून म्हणाला होता, "हे बरोबर नाही. आपण सांगितलं पाहिजे." 'आपण' म्हणाला होता. मी त्याच भरवशावर आत गेलो.

मी बोललो. चांगला बोललो, नंतर टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला. संघटनेच्या सचिवानं ओल्या फडक्यानं टेबल पुसत "मौल्यवान मताबद्दल आभार" मानले. मी तोनारी-सानकडे बघितलं. तो कपात बघत होता. आणखी बघितलं. तो कपातच बघत राहिला. प्रस्ताव मंजूर झाला, पुढच्या वसंतापासून लागू.

बाहेर मी त्याला अडवलं. "का बोलला नाहीत?"

"हवा तशी नव्हती," तो म्हणाला. इथे माणसं खोलीतली हवा बघून बोलतात.

"हवा बघूनच जगायचं असेल तर इंजिनाला टर्बो लावा!" मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं.

माझं अजूनही म्हणणं आहे की त्या दिवशी दोन माणसं बोलली असती तर तिसरा बोलला असता. एकटा माणूस टेबल आपटतो तेव्हा तो वेडा परदेशी असतो, दोघं आपटतात तेव्हा तो विरोध असतो. हे माझं कारण. आमचा वर्ग टर्बोनं मारला नाही, एका चहाच्या कपानं मारला.

उन्हाळा सरला, हंगामाची शेवटची स्पर्धा राहिली होती. मी सचिवाकडे गेलो आणि म्हटलं, निदान ही शेवटची आमच्या नावानं, आमची वेगळी होऊ द्या. तो म्हणाला, वर्ग धरायला किमान चार गाड्या हव्यात. मी गप्प बसलो. तोही गप्प. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, त्यानं दोनदा चहा ओतला. शेवटी तोच बोलला, "तीन जमतील का?"

"दोन," मी म्हटलं. "शर्यतीला दोनच लागतात."

त्यानं बराच वेळ दात चावून श्वास आत ओढला आणि मान्य केलं. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता. आणि बाहेर आल्यावर कळलं की विकत काय घेतलंय. बाकीच्यांनी गाड्या विकल्या होत्या, काहींनी टर्बो बसवले होते. दुसरी गाडी एकाच माणसाकडे होती.

कावासाकीला गेलो. वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. तोनारी-सान एका लहान ट्रकच्या इंजिनावर वाकलेला, त्याची शर्यतीची गाडी मागे कापडाखाली. मला बघून त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले, स्टूल पुढे केलं. मी बसलो. तो बसला. ठरवून आलो होतो की आधी त्यानं बोलायचं, कारण चूक त्याची. तो मात्र हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत होता. त्यानं तळवा जरासा वर केला. तोच हात. आपण आधी.

मला इतका राग आला की मी बोललो. "शेवटच्या शर्यतीला दोन गाड्या हव्यात. येणार की नाही, तेवढं सांगा. दुसरं काही ऐकायचं नाही."

त्यानं कापडाखालच्या गाडीकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दुसरं काही ऐकायचं नाही असं मी आत्ताच म्हटलं होतं.

"कुरुमा वा दाशिमास," तो म्हणाला.

गाडी आणतो. मला तेवढं पुरलं. मी उठलो, चहासुद्धा घेतला नाही. पण परतताना ट्रेनमध्ये मला बरं वाटत होतं, हे नाकारत नाही. दुसऱ्या टोकाला काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. माफी नाही, माफी मागण्यासारखं मी काही केलं नव्हतं. काहीतरी घारीबद्दल वगैरे.

शर्यतीच्या सकाळी मी लवकर पोचलो. गेटजवळच्या मशिनमधून दोन डबे घेतले, एक काळी, एक गोड दुधाची, आणि ट्रॅकवरून चालत जाऊन शेवटच्या खांबामागे ठेवले. आजवर कायम त्यानं ठेवले होते. या वेळी माझे. मला वाटतं एका हट्टी माणसाकडून एवढं पुष्कळ झालं.

तोनारी-सान आला. ट्रेलरवरून गाडी उतरवली, इंजिन सुरू केलं. आवाज नेहमीसारखा गोळीबंद. आम्ही लांबून माना तुकवल्या. पुन्हा जेवणाचीच सुट्टी होती. गवतावर काही कुटुंबं, एक कुत्रं, बाकी गवत.

आम्ही पुढे आलो. मी टायर जागेवर फिरवून गरम केले, धूर काढला. त्यानं टायर गरम केलेच नाहीत, हळूहळू रेषेकडे आला. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं काहीतरी नवीन डाव काढलाय. माझा पहिला दिवा लागला. त्याचा पहिला दिवा लागला. निवेदक माइकवर म्हणाला, "आज कोण आधी जाणार?" गवतावरून कुणी काही ओरडलं नाही.

मग खिडकीतून तो हात आला. तळवा वर.

मी आदल्या आठवड्यातच ठरवलं होतं. या एका वेळी आपण आधी जायचं. इतकी वर्षं जे कुणाला दिलं नाही, ते त्याला द्यायचं. मी क्लच वीतभर सोडला, गाडी पुढे सरकली, माझा दुसरा दिवा लागला. पाय थरथरायला लागला. आता त्याची पाळी.

त्याचा दिवा लागला नाही.

मी मान वळवू शकत नव्हतो, दिव्यांवरून नजर काढता येत नाही. शेजारचं इंजिन ऐकू येत होतं, आणि मग ते ऐकू येईनासं झालं. त्यानं बंद केलं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, तो खिडकीतून दोन्ही हात काढून स्वतःच फुली करतोय. सुरुवात देणारा क्षणभर गोंधळला. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. एकटे जा.

हिरवा लागला. मी गेलो. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर जागच्या जागी पडले. माझ्या हातून इतकी स्वच्छ धाव कधी झाली नव्हती. एरवी डाव्या काचेत शेजारच्या गाडीचं नाक मागेपुढे होत असतं, त्याच्यावरूनच आपण कुठे आहोत ते कळतं. त्या दिवशी काचेत नुसता रस्ता होता. मी वेगात आहे की उभा आहे, तेच कळेना.

आमच्या शाळेत कबड्डीच्या स्पर्धेत समोरचा संघ आलाच नाही, तर मास्तर फळ्यावर आमच्या नावापुढे लिहायचे, 'पुढे चाल'. आम्ही पोरं नाचायचो. एकच मुलगा रडला होता, त्याला खेळायचं होतं. तो मी नव्हतो. मी नाचणाऱ्यांत होतो.

पॅराशूट उघडलं, गाडी थांबली. हेल्मेट काढून कठड्यापाशी गेलो. डबे जागेवर होते. मी काळी कॉफी उघडली आणि उभ्यानं प्यालो. घार नव्हती. ट्रकला यायला नेहमीइतकाच वेळ लागला असेल, मला पुष्कळ वाटला. ट्रकवाला उतरला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "आज एकच?" मी दुसरा डबा सूटच्या आत टाकला आणि त्याला म्हटलं, ओढ.

परत आलो तेव्हा तोनारी-सानची गाडी ट्रेलरवर चढलेली होती. मी हेल्मेट फेकलं. "हे काय होतं?"

त्यानं गाडीचं दार उघडलं आणि गिअरचा दांडा हलवून दाखवला. तो भांड्याच्या सैल कडीसारखा हलला. "पहिलाच लागतो. बाकीचे उन्हाळ्यात गेले. तो भाग आता बनत नाही."

"भाग बनत नाही?" मी ओरडलो. "माझा धंदा काय आहे? मी तुम्हाला जगाच्या पाठीवरून कुठूनही आणून दिला असता! फुकट दिला असता! मला का नाही विचारलंत?"

"इन्दो-सान बोलत नव्हते," तो म्हणाला.

मग दार लावून म्हणाला, "दोन गाड्या हव्या होत्या. दोन आल्या."

"मला गाड्या नको होत्या, शर्यत हवी होती!" यावर मी आणखी पुष्कळ बोललो, त्यातलं बरंचसं मराठीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं, न कळणारंही. मग वाकला, नेहमीपेक्षा खाली, म्हणाला, "इतकी वर्षं, फार मदत झाली," आणि ट्रकमध्ये बसून गेला. हे वाक्य इथे दुकान कायमचं बंद करताना गिऱ्हाइकाला म्हणतात.

येताना महामार्गावरच्या विश्रांतीच्या जागी थांबलो. ऊन अजून होतं, कुटुंबं आइस्क्रीम खात होती. मुलीला फोन लावला. ती आता कॉलेजात आहे, मी मराठीत बोलतो, ती मनाला येईल त्या भाषेत.

"बाबा, मादा यात्तेरु नो?" अजून चालूच आहे का ते, म्हणजे.

"आज संपलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं कसं फसवलं, येतो म्हणून कसा आला नाही.

"येतो म्हणाले? शब्द काय होते?"

"कुरुमा वा दाशिमास."

ती मग मराठीत बोलली. "बाबा, 'वा' म्हणाले ते. गाडी *तर* आणतो. रेस करतो असं कुठे म्हणाले?"

"त्यात काय फरक आहे?"

"सगळा. 'गाडी तर आणतो' म्हटल्यावर कुणीही विचारेल ना, 'आणि तुम्ही?' ते थांबले असतील तुझ्यासाठी. तू विचारलं नाहीस?"

लिलावात मी माणसाच्या एका श्वासावरून त्याचा शेवटचा आकडा ओळखतो. आमच्या भाषेतसुद्धा 'येतो' आणि 'येतो तर' यात काय अंतर आहे ते मला कुणी शिकवायला नको. मी तिला म्हटलं, "दुसरं काही ऐकायचं नाही असं सांगितलं होतं मी त्याला."

"मग त्यांनी ऐकलं तुझं," ती म्हणाली. "जेवलास का?"

"जेवतो."

"बाबा, रविवारी ये ना इकडे."

"बघू," मी म्हटलं. तिला हा शब्द नीट कळतो, ती हसली आणि फोन ठेवला.

तरीही मी म्हणतो, त्यानं सभेत बोलायला हवं होतं. तेव्हा गिअर शाबूत होते. हे माझं म्हणणं बदललेलं नाही आणि बदलणार नाही. पण तिथे बाकड्यावर बसल्यावर सूटच्या आत काहीतरी टोचलं, तेव्हा डबा आठवला. अंगाच्या उष्णतेनं कोमट झाला होता. टाकून द्यायला हरकत नव्हती. कचऱ्याच्या पेट्या समोरच होत्या, डब्यांची वेगळी, पण भरलेला डबा तिच्यात टाकायची परवानगी नाही. आधी रिकामा करावा लागतो.

उघडला आणि प्यालो. भयंकर गोड. इतकी गोड कॉफी हा माणूस इतकी वर्षं कशी प्यायला, हे विचारायचं राहून गेलं.